उमेदवाराची पारख

अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडून ज्या गोष्टी मागितल्या आहेत त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तो जन्माने त्या देशाचा नागरिक असावा, वयाची पस्तीस वर्षे त्याने पुरी केलेली असावीत आणि चौदा वर्षे त्याचे वास्तव्य त्या देशात असावे, झाले. त्याला चार लोकांत बोलता यावे, त्याचे वर्तन स्वच्छ असावे, त्याने आपला प्राप्तिकर चोख भरलेला असावा, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. प्राप्तिकर तर तेथे कायमचा आला तोच मुळी १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर. असे असूनही गेल्या पाऊणशे वर्षांत तिकडील निवडणुकांत ह्याच तीन गोष्टींचा खल सर्वांत अधिक झाला. ह्या कसोट्या कायद्याने लावलेल्या नाहीत, लोकांनी लावल्या. आणि लोकांनी लावलेली कसोटी लोकांनी बाजूला ठेवली की ती उरत नाही, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी रिचर्ड निक्सन ह्या एकाच माणसाचे चरित्र आम्ही मुख्यतः हाताशी घेणार आहोत. कारण तिन्ही कसोट्यांवर जाहीरपणे घासला गेलेला असा दुसरा पुरुष अमेरिकेच्या इतिहासात सापडणे कठीण.

परंतु निक्सनकडे वळण्यापूर्वी दोन जुन्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वादसभा म्हटली की लिंकन आणि डग्लस ह्यांची नावे ओठांवर येतात. १८५८ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत इलिनॉय राज्यात सात ठिकाणी त्यांच्या सभा झाल्या. एकाने तासभर बोलावे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावे, मग पहिल्याने पुन्हा अर्धा तास घ्यावा, असा क्रम होता. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना तीन तासांचे फारसे कौतुक वाटणार नाही. पण ते उघड्या मैदानात, ध्वनिक्षेपकाशिवाय आणि बहुतेकांनी उभ्याने ऐकले, हे ध्यानात घ्यावे. मात्र ही लढत सेनेटच्या जागेसाठी होती, अध्यक्षपदासाठी नव्हे. आणि सेनेटरची निवड त्या काळी राज्याचे विधिमंडळ करीत असे. ती जागा डग्लसला मिळाली. दोन वर्षांनी लिंकन अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा तो स्प्रिंगफील्डला आपल्या घरीच राहिला आणि प्रचाराचे भाषण असे त्याने केलेच नाही. पदाने माणसाकडे यावे, माणसाने पदामागे धावू नये, असा तेव्हाचा शिष्टाचार होता. तेव्हा अध्यक्षीय वादसभेला लिंकनची परंपरा आहे असे जे सांगण्यात येते, ते सोयीचे आहे, खरे नाही.

दुसरी गोष्ट १८८४ ची. ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्याला विवाहबाह्य संबंधातून मूल झाले आहे, अशी बातमी त्याच्याच बफलो शहरातील एका वृत्तपत्राने ऐन निवडणुकीत छापली. काय सांगावे, असे मित्रांनी विचारता त्याने खरे काय ते सांगा असे कळविले. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन घरच्या वागणुकीत निर्मळ समजला जाई. परंतु रेल्वे कंपन्यांशी झालेल्या देवघेवीविषयीची त्याची पत्रे उजेडात आली होती. लोकांनी दोन दोष दोन पारड्यांत घातले. निर्णय न्यूयॉर्क राज्यावर येऊन ठेपला आणि तेथे क्लीव्हलंड अवघ्या हजार-अकराशे मतांनी वर निघाला. खाजगी स्खलनापेक्षा सार्वजनिक अप्रामाणिकपणा मतदारांनी अधिक वाईट मानला, असा ह्याचा अर्थ लावतात व तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. फक्त त्या स्त्रीने क्लीव्हलंडविरुद्ध शपथेवर जे सांगितले होते, ते कोणत्याच पारड्यात पडले नाही. स्त्रियांना तेव्हा मतच नव्हते.

आता निक्सन. १९५२ साली आयझेनहॉवरबरोबर तो उपाध्यक्षपदाचा उमेदवार होता, वय एकोणचाळीस. सप्टेंबरात बातमी फुटली की कॅलिफोर्नियातील काही धनिकांनी त्याच्या राजकीय खर्चासाठी सुमारे अठरा हजार डॉलरचा निधी जमवून दिला आहे. उमेदवारी सोड, असा आग्रह त्याच्याच पक्षातून होऊ लागला. २३ सप्टेंबर रोजी तो दूरचित्रवाणीवर आला आणि अर्ध्या तासात त्याने आपल्या संसाराचा जमाखर्च देशापुढे वाचून दाखविला. घरावर कर्ज किती, आईवडिलांचे देणे किती, विम्याची रक्कम किती, मोटार कोणत्या सालची, सारे आले. बायकोकडे मिंकच्या कातड्याचा कोट नाही, साधा कापडी कोट आहे, हेही आले. शेवटी टेक्ससहून कोणी मुलींना पाठविलेले चेकर्स नावाचे कुत्रे आले; तेवढे मात्र काही झाले तरी परत करणार नाही, असे त्याने सांगितले. तारांचा आणि पत्रांचा पाऊस पडला आणि उमेदवारी वाचली.

हे भाषण आजही पाहावयास मिळते. ते पाहताना एक गोष्ट आम्हांला पुनःपुन्हा जाणवते. प्रश्न असा होता की, निधी देणाऱ्यांना त्याच्या बदल्यात काय मिळाले? उत्तर मिळाले ते असे की, आमच्या घरी काय काय नाही! बदल्यात काहीच दिले नाही, असे निक्सनने सांगितले खरे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो कापडी कोट. हिशेबाची वही लोकांनी हिशेब म्हणून वाचली नाही. हा आपल्यातला आहे की नाही, एवढेच त्यांनी तीत पाहिले. पुढील सगळ्या प्रकरणांची किल्ली येथेच आहे, असे आमचे मत आहे.

त्याच भाषणात निक्सनने दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारांनाही आपापले हिशेब उघडे करण्याचे आव्हान दिले. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टीव्हन्सनने आपली दहा वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे प्रसिद्ध केली आणि आयझेनहॉवरलाही आपल्या उत्पन्नाचा गोषवारा द्यावा लागला. ज्या कागदांनी वीस वर्षांनंतर निक्सनची अब्रू घेतली, ते चव्हाट्यावर आणण्याचा पहिला आग्रह त्याचाच.

१९६० ची कथा सर्वश्रुत आहे. २६ सप्टेंबर रोजी शिकागोच्या दूरचित्रवाणी-केंद्रात केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले. दोन प्रमुख पक्षांच्या अध्यक्षीय उमेदवारांची दूरचित्रवाणीवरील ही पहिली वादसभा. सुमारे सात कोटी लोकांनी ती पाहिली असा अंदाज आहे. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात काढून आलेला. वजन घटलेले, गळ्याभोवती कॉलर सैल, दाढीची काळसर छटा लपविण्यासाठी तोंडाला पावडर फासलेली, आणि करडा सूट मागच्या करड्या भिंतीत विरून गेलेला. केनेडी गडद कपड्यांत उठून दिसत होता. तो घरी बसलेल्या प्रेक्षकाकडे पाहून बोले. निक्सन प्रतिस्पर्ध्याकडे वळून त्याचे मुद्दे खोडून काढी. कॉलेजात वादविवाद गाजविणाऱ्या माणसाला ती सवयच नडली.

नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखा वाटला आणि पाहणाऱ्यांना केनेडी, हा किस्सा तर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. त्याचा आधार म्हणजे एका व्यापारी संस्थेची पाहणी. तीत नभोवाणीचे श्रोते तीनशेसुद्धा नव्हते. आणि ते मुळात कोणत्या पक्षाकडे झुकलेले होते ह्याचा नीट हिशेब नव्हता. १९८७ साली दोन अभ्यासकांनी हे दाखवून दिल्यानंतरही किस्सा आपला चालूच आहे. केनेडीला मिळालेले मताधिक्य जवळजवळ ६ कोटी ९० लाख मतांत सव्वा लाखाहूनही कमी होते. इतक्या निसटत्या विजयाला पावडरीपासून पंथभेदापर्यंत कोणतेही कारण पुरते! निक्सनने मात्र आपला धडा घेतला. १९६८ आणि १९७२ ह्या दोन्ही निवडणुका त्याने वादसभेला न जाता जिंकल्या.

वादसभेचा परिणाम होतो तो कसा, हे १९७६ च्या एका प्रसंगावरून अधिक चांगले कळते. ६ ऑक्टोबर रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्ष फोर्ड ह्याने पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे विधान करून टाकले. त्या रात्री ज्यांची मते विचारली गेली त्यांपैकी पुष्कळांना फोर्डच सरस वाटला होता. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ती चूक उगाळली आणि संध्याकाळपर्यंत निकाल उलटला. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थही लोकांना दुसऱ्या दिवशी सकाळी समजला.

तिसरी कसोटी निक्सनला अध्यक्ष असतानाच लागली. ऑक्टोबर १९७३ मध्ये ऱ्होड आयलंडमधील ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ ह्या वृत्तपत्राचा बातमीदार जॅक व्हाइट ह्याने प्रसिद्ध केले की, दोन लाखांहून अधिक डॉलर मिळविणाऱ्या अध्यक्षाने १९७० साली ७९२ डॉलर आणि १९७१ साली ८७८ डॉलर एवढाच प्राप्तिकर भरला आहे. ही किमया साधली होती एका देणगीने. उपाध्यक्ष असतानाची आपली कागदपत्रे त्याने राष्ट्रीय अभिलेखागाराला दिली व त्यांची किंमत ५,७६,००० डॉलर धरून सवलत घेतली. पण अशा देणगीवरील सवलत २५ जुलै १९६९ नंतर कायद्याने बंद झाली होती. आणि दानपत्रावर त्यापूर्वीची तारीख असली तरी ते प्रत्यक्षात १९७० साली झाले होते. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी संपादकांच्या मेळाव्यात, आपण लबाड नाही, हे जगप्रसिद्ध वाक्य निक्सन बोलला. ते वॉटरगेटसंबंधी होते असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः बोलणे चालले होते ते त्याच्या पैशाविषयी. एप्रिल १९७४ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त समितीच्या तपासनिसांनी हिशेब मांडला : व्याजासह देणे ४,७६,४३१ डॉलर.

येथे इतिहासकाराने जपून बोलावे. निक्सनचे राज्य वॉटरगेटने घालविले, कराने नव्हे. करासंबंधीचे आरोपपत्र प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने जुलै १९७४ मध्ये २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले होते. परंतु पगारातून दर आठवड्याला कर कापला जाणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रित फितींची भानगड कळली नसेल. आठशे डॉलर बरोबर कळले. १९५२ साली ज्या वहीने निक्सन ‘आपल्यातला’ ठरला होता, तिनेच तो परका ठरला.

त्यानंतर, कार्टरपासून पुढे, अध्यक्षाने दरसाल आपले विवरणपत्र प्रसिद्ध करण्याची रूढी पडली. आणि १९७७ पासून करखात्याने स्वतःच नियम केला की अध्यक्ष व उपाध्यक्ष ह्यांच्या विवरणपत्रांची तपासणी झालीच पाहिजे. कायदा मात्र कोणी केला नाही. ह्या बाबतीत रोम्नी पितापुत्रांची कथा मनोरंजक आहे. जॉर्ज रोम्नीने १९६७ साली बारा वर्षांची विवरणपत्रे दिली. एका वर्षाचा हिशेब योगायोगाने चांगला निघू शकतो, असे त्याचे म्हणणे. कागद स्वच्छ होते; पण व्हिएतनाममध्ये सेनाधिकाऱ्यांनी आपली बुद्धीच धुऊन काढली होती, असे तो एका मुलाखतीत बोलून गेला आणि बाजारातून उठला. मुलगा मिट २०१२ साली उभा राहिला तेव्हा त्याने दोन वर्षांचेच कागद दिले. त्यांत कराचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास दिसले. भांडवली नफ्यावरचा कर कमी असल्याने ते पूर्ण कायदेशीर होते. पण ऐन सप्टेंबरात, प्राप्तिकर न भरणाऱ्या शेकडा ४७ लोकांविषयी त्याने खाजगीत काढलेले तुच्छतेचे उद्गारही बाहेर आले होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना साक्षी राहिल्या. डेन्व्हरची वादसभा त्याने निर्विवाद जिंकली, निवडणूक हरला.

आणि मग २०१६ चे २६ सप्टेंबर, शिकागोच्या त्या रात्रीनंतर बरोबर छप्पन्न वर्षांनी. डोनल्ड ट्रम्पने विवरणपत्रे देण्याचे नाकारले होते. त्याने काही वर्षे प्राप्तिकर मुळीच भरलेला नाही, असे हिलरी क्लिंटनने वादसभेत म्हणताच, ह्यावरून मी हुशार ठरतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. निक्सनने असे उत्तर स्वप्नातही दिले नसते. निक्सन खोटे बोलत असे, पण लोक काय मागतात हे तो मानीत असे. येथे मागणीच मोडीत निघाली. ट्रम्पला मत देणाऱ्या पुष्कळांनी ते उत्तर ऐकलेच होते. व्यवस्थेला फसविणारा हा आपल्या बाजूने तिला फसवील, असा त्यांतील अनेकांनी त्याचा अर्थ घेतला असावा असे आम्हांला वाटते. २०२० च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखविले की २०१६ आणि २०१७ ह्या दोन्ही वर्षी त्याचा केंद्रीय प्राप्तिकर ७५० डॉलर होता. निक्सनच्या आकड्याहूनही कमी! त्या निवडणुकीत तो हरला, पण मते त्याला २०१६ पेक्षा जास्तच पडली.

वादसभेची कसोटी मात्र अजून बोथट झालेली नाही. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे अध्यक्ष बायडेन ह्याची वाक्ये अर्ध्यावर तुटू लागली आणि चोवीस दिवसांत तो उमेदवारीतून बाहेर पडला. पण हेही लक्षात घ्यावे की त्याला उतरविले ते मतपेटीने नव्हे, स्वपक्षातील घाबरलेल्या पुढाऱ्यांनी. सप्टेंबरातील दुसऱ्या वादसभेत कमला हॅरिस सरस ठरली असे बहुतेक पाहण्यांत निघाले; नोव्हेंबरात निवडून आला तो ट्रम्प, ज्याला त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने चौतीस आरोपांवर दोषी ठरविले होते. १८८४ साली ज्या तराजूत माणसे तोलली गेली, त्यात ह्या वेळी महागाईचे वजन पडलेले होते.

आपल्याकडे वाट वेगळी पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी आणि फौजदारी प्रकरणे प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. पुढे विवरणपत्रांत दाखविलेले पाच वर्षांचे उत्पन्नही त्यात आले. कागद मिळतो, ह्यात शंका नाही. तो किती मतदार वाचतात, आणि वाचून किती चिडतात, ह्याची नोंद कोणत्याही प्रतिज्ञापत्रात नसते.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर ट्रम्पची सहा वर्षांची विवरणपत्रे प्रतिनिधिगृहाच्या समितीने प्रसिद्ध केली. तेव्हा असेही आढळले की त्याच्या कारकीर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत करखात्याने १९७७ चा स्वतःचाच नियम पाळला नव्हता. ही तपासणी कायद्याने सक्तीची करणारे विधेयक त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने २२२ विरुद्ध २०१ मतांनी संमत केले. सेनेटने ते विचारात घेण्यापूर्वी अधिवेशन संपले, आणि विधेयक तेथेच राहिले.