अर्थ विरघळल्यावर उरते काय? : 'अल्काहेस्ट'विषयी

सोळाव्या शतकातील वैद्य आणि किमयागार पॅरासेल्सस याने 'अल्काहेस्ट' हा शब्द वापरात आणला. पुढे सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट याने त्याला 'सर्व पदार्थ विरघळवणारे द्रव्य' हा अर्थ मिळवून दिला. या कल्पनेवरील आक्षेपही जुनाच आहे : जे सर्व काही विरघळवते, ते ठेवायचे कोणत्या भांड्यात? १९९५ साली पॉल चेन या इटालियन संगीतकाराने आपल्या अल्बमला हेच नाव दिले. या अल्बमच्या पूर्वार्धात शब्दांचा अर्थच विरघळून गेला आहे. तेव्हा भांड्याचा तो जुना प्रश्न या अल्बमलाही विचारावा, असे आम्हांला वाटते.

हा अल्बम हेवी मेटलच्या 'डूम' या शाखेत मोडतो. 'डूम' म्हणजे अटळ विनाश. संथ लय, खालच्या स्वरात लावलेली गिटार आणि मृत्यूचे सतत जाणवणारे सान्निध्य ही या शाखेची लक्षणे होत. तिचे मूळ इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदात सापडते. या वृंदाने आपले नाव घेतले ते मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३ मधील भयपटाच्या इंग्रजी शीर्षकावरून. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हाही इटालियन वंशाचा. कारखान्यातील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये त्याने गिटारच्या तारा बऱ्याच खाली उतरवल्या आणि हा काळोखा नाद रूढ झाला. म्हणजे इटलीतून निघालेली एक छाया इंग्लंडमध्ये नाद होऊन राहिली आणि नंतर इटलीत परतली.

ती परतली त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे एड्रियाटिक किनाऱ्यावरचे पेसारो. तेथे १९७७ साली स्टीव्ह सिल्वेस्टर आणि पॉल चेन यांनी 'डेथ एसएस' हा वृंद स्थापन केला. त्यातील प्रत्येक वादक रंगमंचावर भयकथेतील एका पात्राच्या वेषात येई. चेनच्या वाट्याला साक्षात मृत्यूची भूमिका आली होती. १९८२ मध्ये सिल्वेस्टर बाहेर पडला. १९८४ मध्ये चेननेही 'व्हायलेट थिएटर' हा स्वतंत्र वृंद उभारला. रॉकची जागतिक भाषा इंग्रजी असल्याने अशा वृंदांपुढे दोनच वाटा दिसत : परक्या इंग्रजीत गावे, किंवा इटालियनमध्ये गाऊन देशाबाहेरचा श्रोता गमवावा. चेनने तिसरी वाट काढली. तो कोणत्याच भाषेत गाईना. त्याच्या ओठांतून येणारे ध्वनी शब्दांसारखे वाटतात, वाक्यासारखे चढतात-उतरतात. मात्र त्यांना कोशगत अर्थ नसतो.

हा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण इटालियन परंपरेत निरर्थ वाणीला मोठा इतिहास आहे. दान्तेच्या 'इन्फेर्नो'च्या एकतिसाव्या सर्गात बाबेलच्या मनोऱ्याशी संबंधित निम्रोद कोणालाच न कळणारी ओळ उच्चारतो. तेथे अनाकलनीयता ही शिक्षा आहे. पेसारोतच जन्मलेल्या रोस्सिनीच्या 'लितालियाना इन आल्जेरी' (१८१३) या ऑपेरात पहिल्या अंकाच्या अखेरीस गोंधळलेली पात्रे घंटा, हातोडा, कावळा, तोफ यांचे आवाज काढू लागतात. तेथे ती विनोद आहे. १९७२ साली आद्रियानो चेलेन्तानो याने इंग्रजीसारखे ऐकू येणारे पण काहीच न सांगणारे गीत गायिले. तेथे ती खुंटलेल्या संवादावरचे भाष्य आहे. चेनची निरर्थता या तिन्हींहून वेगळी आहे. तिच्यात ना शिक्षा, ना थट्टा. ती शोकासाठी वापरलेली आहे.

'अल्काहेस्ट'ची रचना या दृष्टीने विशेष बोलकी आहे. नऊ गीतांपैकी पहिली पाच चेनने आपल्या त्या अर्थहीन वाणीत गायिली आहेत. उरलेली चार ली डोरियन या इंग्रज गायकाने इंग्रजीत गायिली आहेत. डोरियन हा 'नेपाम डेथ'चा पूर्वीचा गायक आणि 'कथीड्रल' या डूम वृंदाचा एक संस्थापक. म्हणजे एकाच संगीतकाराच्या एकाच काळोख्या संगीतावर आधी निरर्थ आणि मग सार्थ असे दोन कंठ येतात. जणू एखाद्या अभ्यासकाने मुद्दाम मांडलेला प्रयोगच.

या प्रयोगातून काय हाती लागते? पूर्वार्धातील गीतांना शीर्षके आहेत आणि ती इंग्रजीत आहेत : हिवाळ्यातील गुलाब, वाळूचे घड्याळ. शीर्षक अर्थाचे वचन देते, गीत ते पाळत नाही. श्रोता शीर्षकाचा धागा धरून स्वतःचे दुःख त्या रिकाम्या शब्दांत ओततो. उत्तरार्धात डोरियनचे शब्द येतात आणि हे स्वातंत्र्य आक्रसते. आता नरकाचा प्रवास, थडग्यातले जीवन यांची चित्रे गायक ठरवतो. पण त्याचबरोबर कोणीतरी कोणाशी तरी बोलत आहे, ही जाणीवही प्रथमच होते.

निरर्थ गायन ही पळवाट आहे, असा आक्षेप घेता येईल. जो काहीच म्हणत नाही, त्याला खोटे ठरवता येत नाही. त्याच्यावर कसली जबाबदारीही येत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. शब्दावाचून शोक व्यक्त होतो, पण तो कोणाचा आणि कशासाठी हे सांगता येत नाही; साक्ष द्यायची तर शब्दच लागतात. तथापि, ही निरर्थता एक गोष्ट निर्विवाद सिद्ध करते. अर्थ काढून घेतल्यावरही लय, श्वासाची लांबी, विराम आणि पुनरावृत्ती उरतात, आणि तेवढ्यावरही ऐकणाऱ्याचे मन जड होते.

भांड्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे मिळते. अर्थ विरघळला तरी जे विरघळत नाही, ते म्हणजे घाट. वर्गात कविता शिकवताना आपण पहिल्याच मिनिटाला 'कवीला काय म्हणायचे आहे?' असे विचारतो आणि हे भांडे बाजूला सारून आतले द्रव्य तेवढे वाटायला बसतो. 'अल्काहेस्ट'चा पूर्वार्ध त्या प्रश्नाला थोडे थांबायला सांगतो, आणि उत्तरार्ध तो प्रश्न कायमचा टाळू देत नाही. म्हणूनच हा अल्बम दोन्ही अर्धांसह, आणि त्याच क्रमाने, ऐकावा.