जंगम : न थांबणाऱ्याचे नाव

अहमदपूर परिसरात लिंगायत घरी लग्न असो, लिंगधारणा असो की कोणी लिंगैक्य झालेले असो, जंगमाला बोलावणे जाते. लोक त्यांना 'स्वामी' म्हणतात. हाच शब्द खरेदीखतात, वाटणीपत्रात वेगळ्या अर्थाने भेटतो : शेत-घर ही स्थावर मालमत्ता, आणि उचलून नेता येईल ती जंगम. हे दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत.

'जाणे' या अर्थाच्या संस्कृत 'गम्' धातूची द्विरुक्ती होऊन 'जंगम' शब्द बनला. अर्थ : सतत हलणारा, फिरणारा. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'स्थावर-जंगम' ही जोडी अवघ्या सृष्टीसाठी येते. पुरोहिताचा तिथे संबंध नाही.

बाराव्या शतकात आजच्या बीदर जिल्ह्यातल्या कल्याणला बसवेश्वरांनी या जोडीला नवी धार दिली. दगडी देऊळ ते स्थावर, चालताबोलता शिवभक्त तो जंगम; आणि थोर ठरला जंगम. अष्टावरणात गुरू आणि लिंग यांच्यामागोमाग जंगमाचे स्थान आहे. तिथे जन्म पाहिला जात नव्हता. अनुभवमंटपाच्या शून्यपीठावर बसलेले अल्लमप्रभू परंपरेनुसार मद्दल वाजवणारे होते.

पुढे फिरणारा स्थिरावला. मठ उभे राहिले, गावोगाव 'मठपती' नेमले गेले, वृत्ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. अवस्थेचे नाव जातीचे झाले, मग आडनावाचे आणि शेवटी दाखल्यावरचे. काशीतला मठ तर 'जंगमवाडी' म्हणूनच ओळखला जातो : फिरणाऱ्यांची वाडी!

यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. गावाला सुखदुःखात हाकेच्या अंतरावर माणूस हवा होता आणि त्या माणसालाही पोट होते. पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा. जे पद आचरणाने मिळायचे ते जन्माने मिळू लागले, तेव्हा बसवेश्वरांनी ज्याला कमी लेखले ते स्थावरच जंगमाच्या नावाने परत आले.

दिवाळी सरली की कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीकडे मराठवाड्यातून दिंड्या निघतात. त्यांत जंगम असतात, तसे इतरही. शब्दाचा जुना अर्थ धरला, तर त्या वाटेवर चालणारा प्रत्येक जण जंगमच.