तारेचा शब्द

1854 साली हिंदुस्थानातील तारसेवा सामान्य लोकांसाठी खुली झाली, तेव्हा मराठीने तिचे नाव ना ग्रीकमधून घेतले, ना संस्कृतमधून घडवले. खांबांवरून गेलेली तार लोकांना दिसत होती. तिच्यातून आलेल्या निरोपालाही त्यांनी ‘तार’च म्हटले. साधनाचे नाव निरोपाला मिळाले आणि ‘तार आली’ एवढ्या दोन शब्दांनी घरात धस्स होऊ लागले. हा शब्द इतका मुरला की पुढे तारेशिवाय संदेश जाऊ लागले, तेव्हा नवे नावही तिच्याच नकारातून निघाले: बिनतारी. पोलीस खात्याच्या बिनतारी संदेश विभागाच्या नावात ते अजून टिकून आहे. म्हणजे परिभाषा रुजते ती डोळ्यांना दिसलेल्या वस्तूतून, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, ‘दूरध्वनी’ आणि ‘दूरदर्शन’ हे तर घडवलेलेच शब्द, तेही टिकलेच ना? टिकले, पण कसे? ‘दूरदर्शन’ टिकले ते सरकारी वाहिनीचे नाव झाल्यामुळे. घरातला डबा टीव्हीच राहिला. ‘दूरध्वनी’ लग्नपत्रिकेत आणि कार्यालयीन पत्रांत छापला जातो, पण ‘मला दूरध्वनी कर’ असे मित्राला कोणी म्हणत नाही. उलट ‘रेंज’ आणि ‘मिस्ड कॉल’ यांना कोणत्याही समितीने मान्यता दिली नव्हती. (मिस्ड कॉल ‘देणे’ ही तर आपल्या काटकसरीची खास भर!) 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली, ‘बिनतारी’ मात्र चालूच आहे.