चिकटू न देण्याची विद्या

वड्या थापण्यापूर्वी ताटाला तुपाचा हात लावतात. तो विसरला तर वडी अखंड निघत नाही. हीच अडचण विसाव्या शतकात बंदुका घडवणाऱ्या कारागिरांपुढे उभी राहिली. फरक एवढाच, की तिथे चूक झाली तर अख्खी रायफल अडकून बसे.

रायफलीचे पोलादी भाग लाकडी दस्त्यात बसवलेले असतात. ही बैठक नेमकी हवी. जुने कारागीर पोलादावर काजळी फासत, ते लाकडात टेकवून उचलत आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड तासत. पुन्हा काजळी, पुन्हा तासणे. एवढे करूनही अक्रोडाचे लाकूड दमट हवेत फुगे, कोरड्या हवेत आकसे. त्यामुळे पोलादावरचा दाब बदले आणि नेम सरके.

यावरचा उपाय आला तो दंतवैद्यकातून! स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्टान यांनी १९३०च्या दशकात कवळ्यांसाठी नवे द्रव्य शोधताना इपॉक्सी राळ बनवली. घट्ट होताना ती फारच थोडी आकसते. बाझेलच्या सीबा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ती ‘अरल्डाइट’ या नावाने पुढे आली. नंतर अमेरिकेतील कारागीर दस्त्याच्या खाचेत अशी राळ भरून तिच्यात पोलादी भाग बसवू लागले. राळ घट्ट झाली की पोलादाची हुबेहूब बैठक तयार!

पण इपॉक्सी लाकडाला चिकटते तशी पोलादालाही चिकटते. म्हणून पोलादावर, आणि फक्त पोलादावरच, न चिकटू देणारा लेप हवा. तो कोणता निवडावा?

द्रव पदार्थ घन पृष्ठावर पसरेल की थेंब होऊन राहील, याचा विचार टॉमस यंग यांनी १८०५ मध्येच मांडला होता. १९५०च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी निरनिराळ्या पृष्ठांसाठी ही मर्यादा मोजली. टेफ्लॉनसाठी ती सुमारे १८ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, मेणासाठी थोडी जास्त. पातळ इपॉक्सीचा पृष्ठताण चाळिशीच्या घरात असतो. म्हणून ती मेणावर नीट पसरत नाही आणि पसरली नाही तर चिकटतही नाही.

तेव्हा मेण चालते. अनेक कारागीर चक्क बूटपॉलिश वापरतात, कारण त्यात मेणच असते. मात्र मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, तर ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाचे कार्नौबा मेण ८० अंशांच्या वर. घट्ट होताना इपॉक्सी तापते, म्हणून थर जाड असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लेप वाळून पातळ पापुद्रा होतो आणि काम झाल्यावर पाण्याने धुऊन निघतो. सिलिकोनचे तेलही उत्तम काम करते, पण त्याचा अंश लाकडावर गेला तर राळ नको तिथेही सुटते आणि पुढे वॉर्निशही नीट बसत नाही.

एका गोष्टीपुढे मात्र सगळेच लेप हरतात. पोलादातील भोकात किंवा उलट्या उताराच्या खाचेत राळ शिरून घट्ट झाली, तर ती खुंटीसारखी अडकते. ते चिकटणे नव्हे, अडकणे. त्यावर लेप नाही. अशा जागा आधीच मॉडेलिंगच्या मातीने बुजवाव्या लागतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पत्र्याची दोन सपाट झाकणे घ्या. एकाला मेणबत्तीचे मेण चोळून पुसा, दुसरे कोरे ठेवा. हातमोजे घालून दोन्हींवर अरल्डाइटचा एकेक ठिपका ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नखाने काढून पाहा. मग मुलांना विचारा: मेणाचा एवढा पातळ थर, दिसतही नाही, तरी त्याने काय बदलले?