१९९३ सालच्या तीन तारखा



गटाच्या बैठकीला कधी कधी पाहुणे येतात आणि सांगतात, 'हा कार्यक्रम युनोचा आहे', 'याला जागतिक बँकेचा पैसा आहे'. आपण मान डोलावतो. मनात मात्र असतं की जगाचं जग बघेल, आमच्या गावात टँकर कधी येणार ते सांगा. आज मी या लांबच्या जगाचा आणि आपल्या जिल्ह्याचा जो संबंध आला, त्याचा इतिहास सांगणार आहे. एक साल ध्यानात ठेवा, १९९३. त्या सालातल्या तीन तारखा: २४ एप्रिल, ९ जुलै आणि ३० सप्टेंबर. शेवटची तारीख आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. पहिल्या दोन कुणी आपल्याला सांगितल्याच नाहीत.

सुरुवात जरा मागून करू. जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात देशभरातल्या बायका जमल्या. विषय होता मुलींचं शिक्षण. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. यातूनच अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली. शिक्षणावर बोलायला जमलेल्या या बायकांच्या लवकरच लक्षात आलं की पोरीचं लग्न बाराव्या वर्षी लागत असेल, तर नुसती शाळा काढून भागत नाही. मग त्या बालविवाहाच्या विरोधात कायदा व्हावा म्हणूनही झटल्या. १९२९ साली तो कायदा झाला. शाळा आणि लग्नाचं वय ही दोन्ही सूतं एकाच धाग्यातली, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

१९४५-४६ साली या परिषदेच्या अध्यक्ष होत्या हंसाबेन मेहता. अधिवेशन भरलं सिंधमधल्या हैदराबादला. तिथे हंसाबेननी स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडली. पुढे त्या भारताच्या वतीने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर गेल्या. जगातल्या सगळ्या माणसांचे हक्क सांगणारा जाहीरनामा तिथे लिहिला जात होता. मसुद्याच्या पहिल्याच कलमात इंग्रजीत 'मेन' असा शब्द होता. त्याचा अर्थ पुरुष असाही होतो. लोक म्हणायचे, त्यात बायका आल्याच की! हंसाबेन म्हणाल्या, आल्या असतील तर तसं लिहा. त्यांच्या आग्रहामुळे तिथे 'सर्व मानव' या अर्थाचे शब्द आले. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि हा जाहीरनामा मंजूर झाला १० डिसेंबर १९४८ ला. मध्ये तीन महिनेसुद्धा नाहीत.

पुढचा टप्पा १९७५ चा. संयुक्त राष्ट्रांनी हे साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलं आणि मेक्सिकोत आपली पहिली जागतिक महिला परिषद भरवली. आपल्यापैकी अनेकींचे गट ज्या 'माविम'शी, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाशी जोडलेले आहेत, ते महामंडळ याच वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. पुढे २००७ पासून माविमचा 'तेजस्विनी' कार्यक्रम आला, त्याला कर्ज दिलं ते संयुक्त राष्ट्रांच्याच शेती विकासाच्या निधीने. आपल्या गटाच्या वहीपर्यंत हा धागा असा येऊन पोचतो.

आता कागद महत्त्वाचा. १८ डिसेंबर १९७९ ला संयुक्त राष्ट्रांनी एक करार मंजूर केला. स्त्रियांशी होणारा सगळ्या प्रकारचा भेदभाव मिटवण्याचा हा करार. त्याला 'सीडॉ' म्हणतात. त्यातलं दहावं कलम शिक्षणाचं आहे. मुलीला मुलाइतकंच शिक्षण मिळावं, तिची शाळेतली गळती कमी व्हावी आणि ज्यांनी शाळा लवकर सोडली त्यांच्यासाठी वेगळी सोय असावी, असं ते सांगतं. आणि चौदावं कलम आहे खास ग्रामीण बायकांचं. तायांनो, हे कलम वाचताना मला नवल वाटलं. त्यात लिहिलंय की ग्रामीण बाईला विकासाचं नियोजन करण्यात आणि ते राबवण्यात सहभागी होण्याचा हक्क आहे. तिला शिक्षण आणि प्रशिक्षण मिळावं, व्यवहारापुरतं वाचता-लिहिता येणंही त्यात धरलं आहे. कर्ज मिळावं. घर, पाणी, वीज, वाहतूक नीट असावी. आणि तिला स्वयंसहायता गट बांधण्याचा हक्क आहे. आपल्याकडे बचत गट हा शब्द घरोघरी होण्याच्या कितीतरी आधी तो हक्क तिथे लिहिलेला होता. लक्षात ठेवायला सोपं आहे. आपल्या संविधानाचं कलम १४ समानतेचं, आणि या कराराचं कलम १४ गावातल्या बाईचं.

आता येऊ १९९३ वर. २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रात आता त्या निम्म्या आहेत. ९ जुलैला भारताने सीडॉ करार पक्का केला, म्हणजे 'हे आम्ही पाळू' असं जगाला सांगितलं. दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. गावात कुणाला पत्ता नव्हता.

मग ३० सप्टेंबर. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी… नावं घेतली तरी आजही घरातली म्हातारी माणसं गप्प होतात. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं घरच अंगावर आलं.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली. नव्या गावांचे रस्ते सरळ आणि रुंद होते, पण वस्ती पसरट झाली. रान लांब पडलं, जुन्या गल्लीत जी हाक शेजारणीला ऐकू जायची ती आता पोचेना. पाणी कोण भरतं, सरपण कुठे ठेवतात, हे घरातल्या बाईला विचारून आराखडे झाले असते, तर काही गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

दुसरं काम होतं नुकसान झालेल्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं. हजाराहून जास्त गावं. घरमालकानेच काम करून घ्यायचं, सरकारने मदत आणि सल्ला द्यायचा. एवढ्या गावांत इंजिनिअर पुरणार कसे? इथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहाय्यक' बायका तयार झाल्या. माळवदावरची माती कमी का करायची, भिंतीचे दोन पदर एकमेकांना कसे बांधायचे, खांब-तुळईचा सांधा कसा आवळायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. योजनेची माहिती गावात न्यायची, गावाची अडचण अधिकाऱ्यापुढे मांडायची. ज्या बाईने गवंड्याच्या हाताखाली फक्त पाटी उचलली होती, ती आता काम बरोबर चाललंय का ते बघू लागली.

चौदाव्या कलमात 'नियोजनात सहभाग' म्हणतात तो हाच. त्यातल्या बहुतेक जणींनी तो करार पाहिलासुद्धा नसेल. पण त्यांनी तो आपल्या जिल्ह्यात करून दाखवला, आणि यासाठी लागणारं शिक्षण शाळेच्या इमारतीबाहेर, कामातून घेतलं. पुढे त्याच मंडळांतून बचतीचे गट वाढले.

गोष्ट इथे थांबत नाही. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. आपल्या भागातल्या बायका तिथल्या बायकांना भेटल्या, तिकडच्या इकडे येऊन गेल्या. भाषा कळत नव्हती, पडलेलं घर मात्र दोघींना कळत होतं. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हाही इथल्या बायका तिथे आपला अनुभव घेऊन गेल्या. पुढे दुष्काळ पडले. घरच्या रानातला एखादा एकर तुकडा मागून घेऊन, त्यात कमी पाण्यावर डाळी, धान्य आणि भाजीपाला घेण्याची रीत बायकांनी बसवली. या कामासाठी २०१७ साली स्वयं शिक्षण प्रयोगला संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. जगाने आपल्याला शिकवलं हे खरं, आणि आपण जगाला शिकवलं हेही तितकंच खरं.

आता राहिलेलं काम. त्याच सीडॉ करारात सोळावं कलम आहे. बालविवाहाला कायदेशीर मान्यता नको आणि प्रत्येक लग्नाची नोंद सक्तीची हवी, असं ते सांगतं. १९९३ साली करार पक्का करताना भारताने म्हटलं की लग्ननोंदणीचं तत्त्व मान्य आहे, पण एवढ्या मोठ्या देशात ते व्यवहारात आणणं अवघड आहे. त्यानंतर कायदे झाले, तरी आपल्या कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या गावांत काय चाललंय ते आपण बघतोच. दिवाळीच्या आसपास कोयता निघतो. पोर तेरा-चौदाची झालेली असते. मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? बरोबर न्यायची तर शाळा बुडते. मग 'हात पिवळे करून टाकू' म्हणतात, आणि एक नवा कोयता तयार होतो. आई-बाप दुष्ट नसतात, त्यांना दुसरी वाट दिसत नसते. ती वाट काढणं हे नियोजनाचं काम आहे, आणि नियोजनात आपला हक्क आहे.

म्हणून तीन कामं सांगते. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. तारीख विचारा आणि गटाने मिळून जा. दुसरं, गावातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींची यादी करा. कोण शाळेत आहे, कोण घरी बसली आहे, कुणाचं घर यंदा तोडीला जाणार आहे, हे आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिसरं, तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी गाव रिकामं व्हायच्या आधी ठरावात लिहून घ्या. त्यात बसत नसलेल्या मोठ्या मुली कुठे राहतील, तेही त्याच सभेत ठरवा. आणि लग्न ठरतंय असं कळलं तर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे विसरू नका. १०९८ हा नंबर फुकट लागतो.

हंसाबेननी सगळ्या जगाच्या कागदातला एक शब्द बदलून घेतला. आपल्याला गावाच्या इतिवृत्तात एक ठराव लिहून घ्यायचा आहे. त्या सभेत वही हातात धरणारी बाई आपल्या गटातली असू द्या, आणि खाली सही करण्याआधी तिला सगळं मोठ्याने वाचायला सांगा.