धाब्याचे खांब

स्मरणिका समितीने "गावातल्या जुन्या घरांविषयी काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरी करून निवृत्त झालेला, आपल्या सोसायटीचा पहिल्या दिवसापासूनचा एक सभासद, एवढीच माझी ओळख. पण दिवाळीच्या सुटीत नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले एक जोडपे ओंडक्यावर ओंडका रचून स्वतःचे घर बांधत होते. तो म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असं लाकडाचं घर होतं का कधी?" मी म्हटलं, "अरे, मी लाकडाच्याच घरात जन्मलो." त्याला ते काही केल्या खरे वाटेना. म्हणून हा लेख.

नॉर्वे, रशिया, उत्तर अमेरिका अशा थंड मुलखांत पाइन, स्प्रूस ही झाडे सरळसोट वाढतात. त्यांचे ओंडके आडवे रचून, टोकांना खाचा पाडून एकमेकांत अडकवले की भिंत तयार. आपल्या हिमाचलातही देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे आलटून-पालटून थर देतात. त्या पद्धतीला काठकुणी म्हणतात. आपल्या जामनेरात अशी भिंत परवडलीही नसती आणि तिची गरजही नव्हती. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. इथे हवी जाड मातीची भिंत आणि डोक्यावर जाड मातीचं धाबं. पण ती माती पेलायची कोणी? ते काम लाकडाचं.

धाब्याच्या घराचा सांगाडा असा असे. जमिनीवर दगडी तळखडा. त्यावर सागाचा खांब. खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या. कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या, त्यावर पाला किंवा तुराट्या, मग चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. माणसाची ऐपत घराच्या खणांवरून मोजत. छपराचा भार खांबांवर असल्यामुळे पावसाळ्यात एखादी भिंत खचली तरी घर उभं राही. भिंत नंतर सवडीने घालता येई.

ही विद्या किती जुनी, ते पाहायला लांब जायला नको. अजिंठा आपल्या शेजारी. तिथल्या ९ आणि १० क्रमांकाच्या चैत्यगृहांच्या कमानदार छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या. आज त्या नाहीत, त्यांच्या खुणा उरल्या आहेत. पुढे १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत कारागिरांनी त्याच फासळ्या दगडात कोरल्या. म्हणजे दगड कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुताराचं घर होतं! लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात तर मूळच्या लाकडी फासळ्या सुमारे २००० वर्षांनंतर अजून छताला आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बळकट लाकडांची यादी आहे. तिच्यात पहिलंच नाव शाक, म्हणजे आपला साग. मोह, खैर, धावडा, अर्जुन हेही त्याच यादीत आहेत.

आमचं जुन्या गावातलं घर आजोबांनी बांधलं. वडील सांगत, घर बांधायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ लाकूड जमवायला आणि मुरवायला लागला. सगळं लाकूड सागाचं घेणं कोणालाच परवडत नसे. जमिनीशी संबंध येणारा खांब सागाचा किंवा अंजनाचा. अंजन आपल्या खानदेशी डोंगरांतलं झाड. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. बाभूळ गाड्याला आणि औताला. गरिबाच्या घरी कडू निंबाच्या कड्या, कारण निंबाला कीड सहसा लागत नाही.

झाड पाडायचं ते पानगळ झाल्यावर, हिवाळ्यात, आणि तेही अंधाऱ्या पक्षात, अशी जुन्या लोकांची रीत. अंधाऱ्या पक्षाचं मला सांगता येणार नाही, पण थंडीचं कारण समजण्यासारखं आहे. लाकूड सावकाश वाळतं, त्यामुळे कमी फाटतं आणि त्या दिवसांत कीडही कमी असते. ब्रह्मदेशात इंग्रज अधिकारी तर सागाच्या बुंध्याभोवती साल आणि पांढरं लाकूड गोल कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत. कारण ओला साग तरंगत नाही, आणि तिकडे ओंडके नदीतून वाहून न्यायचे असत.

ओंडका घरी आला की साल काढायची. साल राहिली तर तिच्याखाली भुंगेरे घर करतात. मग कापलेल्या टोकांना शेण-माती लिंपायची, कारण लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यांत लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडतात. ओंडके जमिनीपासून वर, मध्ये काठ्या घालून, सावलीत रचायचे. कोणी काही महिने विहिरीत किंवा डोहात बुडवून ठेवत; त्याने आतला रस धुऊन जातो. फळीच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा वाळवण्याचा ढोबळ हिशोब जगभरच्या सुतारांचा आहे. शेवटी वाकसाने तासताना बाहेरचा पांढरा भाग काढून गाभा ठेवायचा. सागाचं तेल आणि वाळवीला नको असलेली द्रव्यं त्या गाभ्यातच असतात. पांढरा भाग वाळवी आवडीने खाते.

आमच्या घराची डागडुजी करणारे म्हातारे सुतारबाबा म्हणत, "लाकूड घेतानी घाई करशीन, तं घर जल्मभर कुरकुर करीन."

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हे साग पाडले कोणी? सातपुड्यातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्ल, तडवी, पावरा लोकांच्या कुऱ्हाडींनी. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि ज्यांचं आयुष्य जंगलात गेलं, तेच तिथे परके ठरले. त्यांचा हक्क कायद्यात यायला २००६ साल उजाडलं. आपल्या घरांचे खांब मोजताना ही बाजूही हिशोबात धरावी, असं मला वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तिकडच्या दगडी भिंती आणि वरची जड माती यांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्याही घरात "हे धाबं आता नको" असं सुरू झालं. दरवर्षी माती टाका, गळती शोधा, उंदरांची बिळं बुजवा, याचा कंटाळाही होताच. अशात आपली सोसायटी उभी राहिली. प्लॉट मिळाला आणि मी जुनं घर पाडलं. आजोबांनी वर्षानुवर्षं जमवलेलं लाकूड दोन दिवसांत, सांगायला लाज वाटते अशा भावात विकलं.

आणि नव्या घराला? वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला, म्हणून बाजारातून आणलेल्या ओल्या लाकडाच्या चौकटी बसवल्या. सुताराने सांगितलं होतं, "भाऊ, एक उन्हाळा जाऊ द्या." मी ऐकलं नाही. आज २५ वर्षं झाली, माझा पुढचा दरवाजा दर पावसाळ्यात फरशीला घासतो. येणारा पाहुणा म्हणतो, "दरवाजा अडकतोय वाटतं." मी म्हणतो, "हो, जरा जोर लावा." चूक पूर्णपणे माझी.

पण चार खांब वाचले. भूमिपूजनाच्या मंडपाला आधार हवा होता म्हणून मी ते इथे आणले होते. काम झाल्यावर ते पाण्याच्या टाकीमागे राहिले, ते आजतागायत. जुन्या सभासदांना आठवत असेल, मुलं त्यांच्यावर बसून पत्ते खेळायची. ऊन-पाऊस खाऊन वरून ते राखाडी झालेत. परवा मी चाकूने थोडंसं खरवडून पाहिलं, तर आत तोच सोनेरी रंग आणि तोच वास. क्षणभर वडील शेजारी उभे आहेत असं वाटलं.

रौप्यमहोत्सवानिमित्त आवार स्वच्छ करायचं ठरलं आहे आणि भंगाराच्या यादीत "जुनी लाकडे, ४ नग" अशी नोंद मी वाचली. समितीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते काय आहे हे कळणार कसं? मीच कधी सांगितलं नाही. आता सांगतो आहे. माझी विनंती एवढीच, की हे खांब विकू नयेत. आपल्या सभागृहाच्या ओट्यावर ज्येष्ठांसाठी दोन बाक करावेत. करवतीचा आणि सुताराचा खर्च मी देईन. लाकडाची किंमत आजोबांनी केव्हाच चुकती केली आहे.

नातवाला मी टाकीमागे नेऊन ते खांब दाखवले. त्याने कुसाच्या जागी हात फिरवला आणि विचारलं, "यात खिळा कुठंय?" मी म्हटलं, "नाही रे, खिळा नव्हताच. सगळं एकमेकांत बसवलेलं होतं."

सोसायटीही तशीच असावी. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!