धबधब्यातलं कृष्णविवर

मागच्या व्याख्यानात आपण हॉकिंग यांच्यापाशी थांबलो होतो. 1974 साली त्यांनी गणिताने दाखवलं, की कृष्णविवर पूर्ण काळं नसतं. त्यातून मंद उष्ण प्रारण बाहेर पडतं. अडचण अशी, की सूर्याएवढ्या कृष्णविवराचं हे तापमान एका अंशाच्या कोटीव्या भागाहूनही कमी. भोवतालचं अवकाशच मुळी 2.7 केल्विन! मग मोजायचं कसं?

वाट सापडली ती पाण्यात. कॅनडाचे विल्यम अन्रू यांनी 1972 मध्ये ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात धबधब्याचा दाखला दिला होता. प्रवाहाचा वेग ध्वनीपेक्षा वाढला, की खाली पडणाऱ्या माशाची हाक वर पोचतच नाही. ती रेषा म्हणजे क्षितिज. पुढे द्रायुगतिकी शिकवताना त्यांच्या लक्षात आलं, की हा नुसता दाखला नाही, दोन्हीकडे समीकरण एकच आहे. 1981 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढची दहाएक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

आता हे महत्त्वाचं का, ते पाहू. हॉकिंग यांच्या युक्तिवादात एक कच्चा दुवा होता. बाहेर आलेली लहर मागे क्षितिजापर्यंत नेली, तर तिची लांबी इतकी आक्रसते, की तिथे आपलं भौतिकशास्त्र चालेल याची खात्रीच नाही. द्रवात मात्र अतिसूक्ष्म लहरींचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. 1995 साली अन्रू यांनी संगणकावर तपासलं. सूक्ष्म लहरींचं वागणं बदललं, तरी प्रारण टिकलं.

2011 साली व्हँकुव्हरच्या गटाने, त्यात अन्रूही होते, लांब हौदात विमानाच्या पंखासारखा अडथळा ठेवला. त्यावरून पाणी वेगाने धावतं. उलट दिशेने सोडलेल्या लांब लहरी तिथे अडल्या आणि आखूड लहरींच्या जोड्यांत बदलल्या. त्यांचं प्रमाण हॉकिंग यांच्या सूत्राप्रमाणे निघालं. खरं तर हे उलटं कृष्णविवर, म्हणजे श्वेतविवर. शिवाय लहरी प्रयोगकर्त्यांनीच सोडलेल्या, आपोआप उमटलेल्या नव्हेत. 2017 मध्ये नॉटिंगहॅमच्या भोवऱ्यात आदळलेल्या काही लहरी अधिक ऊर्जा घेऊन परतल्या. फिरत्या कृष्णविवराबद्दलही असंच भाकीत आहे.

मग हॉकिंग सिद्ध झाले का? नाही. हौदातलं पाणी आइनस्टाइनची समीकरणं पाळत नाही. आकाशातलं कृष्णविवर काय करतं, हे हौद सांगू शकत नाही. पण तो कच्चा दुवा ताणला तरी तुटायलाच हवा असं नाही, एवढं मात्र या पाण्याने दाखवलं.